कवळीवालीला काय झालं होतं

आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडातले दात कवळीवालीने केलेले आहेत. त्याच दातांनी ही मंडळी तिच्याबद्दल जे बोलतात ते ऐकलं की मला वाटतं, हिने एके दिवशी सगळ्यांच्या कवळ्या परत मागून घ्याव्यात आणि ह्यांना उरलेलं आयुष्य दुधात पाव बुडवून खायला लावावं. पण ती तसं करणार नाही. कुणाची कवळी हिरडीला टोचत असेल तर शिव्या देणाऱ्याचीसुद्धा ती हातातलं काम बाजूला ठेवून घासून देते. मी दिली नसती.

माझं चष्म्यांचं दुकान आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवतात, त्यांत प्लास्टर ओतून ही जबडा घडवते, त्यावर गुलाबी मेण चढवते, त्यात एकेक दात बसवते, मग बिजागऱ्या लावलेल्या लोखंडी चौकटीत वरचा आणि खालचा जबडा अडकवून तो उघडमिट करून बघते. नखांत कायम पांढरं प्लास्टर. दात अगदी सरळ रेषेत कधीच लावत नाही, एखादा हळूच तिरका करते. "इतके सरळ दात कुणाला असतात गं? समोरचा लगेच ओळखतो," असं म्हणते. खोटे दात करणारी ही बाई सोडली तर आमच्या गल्लीत खोटं न बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही, आणि त्यात मीही आले.

कवळीवाली देव मानत नाही. एवढंच. ह्या 'एवढंच'वर लोकांचं भागत नाही.

आधीच सांगून टाकते, मी मानते. फार नेमाने नाही, पण संकट आलं की हाक मारते, आणि संकट टळलं की विसरते, म्हणजे बहुतेकांसारखीच. माझा देव आहे तसा मला चालतो. पण त्याची वकिली ज्या लोकांनी घेतली आहे ते बघून त्याच्या वतीने मलाच लाज वाटते.

समोरची बेकरीवाली घ्या. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता आवाज खाली आणून मला म्हणाली, "देव मानत नाही ना, मग ती त्या दुसऱ्याला मानत असणार." दुसऱ्याला म्हणजे सैतानाला. म्हटलं, "अहो, जी देव घेत नाही ती सैतान कशाला घेईल? दोन्ही एकाच दुकानातला माल." बेकरीवालीने मला त्या दिवशी शिळा पाव दिला.

निवृत्त मुख्याध्यापक तर वाद घालायला म्हणूनच तिच्याकडे जायचे, कवळी टोचते हे निमित्त. "वरच्याची भीती नसेल तर माणसाला चोरी करण्यापासून अडवणार कोण?" हा त्यांचा हुकमी प्रश्न. आयुष्यभर पोरांना छडीच्या धाकाने शिकवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! कवळीवाली कवळीची कड घासत घासत म्हणाली, "तुम्हाला कोण अडवतं, सर?" सर छाती काढून म्हणाले, "देव." ती म्हणाली, "मग तुम्ही मानत राहा. शेजाऱ्यांसाठी तेच बरं." आणि कवळी त्यांच्या तोंडात बसवून टाकली.

बरं, बोलता बोलता तोंडातून काही निसटायचीही सोय नाही. एकदा पक्कड सापडेना म्हणून ती वैतागून म्हणाली, "देव जाणे कुठे ठेवलीय." झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी, कवळीवाली वळली. पुढे माझ्या दुकानाचं शटर तिच्या बोटावर पडलं आणि ती "आई गं!" म्हणून ओरडली, तर बेकरीवालीने शपथेवर सांगितलं की तिने देवाचाच धावा केला. तिची आई जाऊन किती वर्षं झाली, तीही त्या वेळी धावून आली नाही, पण आईला कुणी श्रेय दिलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. पण एक गोष्ट हसण्यावारी जाण्यासारखी नव्हती, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. लोकांना खात्री होती की बाईच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असणार. उगाच का कुणी देव सोडतं? कुणी म्हणे प्रेमात फसली, कुणी म्हणे नवरा टाकून गेला. तिने लग्नच केलं नव्हतं, पण माहितीअभावी आमची गल्ली कधी अडून बसत नाही. देवावर रुसलीय बिचारी, रुसवा काढला की येईल परत, असा एकूण सूर. माणूस रुसतं ते ज्याच्याशी ओळख आहे त्याच्यावर, हे साधं गणित कुणाच्या डोक्यात शिरेना.

मी तिला एकदा सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "लहानपणी सगळे प्रार्थनेला डोळे मिटायचे. एकदा मी उघडे ठेवले. बघितलं तर सगळे नुसतेच उभे. कुणी आलं नव्हतं. मग घरी जाऊन जेवले आणि झोपले."

"आणि?"

"आणि काय? झोप छान लागली."

एवढीच तिची शोकांतिका.

तिला धाकटा भाऊ आहे. पडदे विकतो. दुकानात आणि घरातही त्याचं काम एकच, काही दिसू नये अशी व्यवस्था करणं. त्याची बायको सतत आजारी, म्हणून त्यांची मुलगी वाढली ती आत्याच्या खोलीत. ठशांच्या फळीला धरून ती उभी राहायला शिकली, मेणाच्या गोळ्याचे ससे करायची, चौकटीतले जबडे हलवून त्यांना बोलायला लावायची. शाळेत प्रार्थनेला डोळे उघडे ठेवून आली की येऊन सांगायची, "आत्या, आज पण कुणी नाही आलं." दोघी खिदळायच्या. माझ्या भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. कवळीवालीला त्या पोरीखेरीज दुसरं कुणी नव्हतं आणि दुसरं कुणी नको होतं.

पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला. त्याची आई मात्र फार भाविक. तिच्या कानावर गेलं की मुलीला वाढवलं ते आत्याने, आणि आत्या देव मानत नाही. बाईंनी निरोप पाठवला, आधी आत्याला भेटेन, मग बघू. भाची तोंडावर हसत होती, पण आतून तिचं धाबं दणाणलं होतं.

पडदेवाला भाऊ ताईच्या खोलीत आला. मी तिथेच होते. "ताई, तू फक्त गप्प बस. विषय निघाला तरी नुसती मान हलव. बाकी मी सांभाळलंय."

"काय सांभाळलंस?"

"सांभाळलंय म्हटलं ना. पोरीचं लग्न मोडायचंय का तुला?"

कवळीवाली म्हणाली, "गप्प बसायला माझं काय जातं? मी कुठे कुणाला सांगत फिरते?" खरंच होतं ते. तिने आजवर कुणाचा देव काढून घेतला नाही. लोकच रोज सकाळी आपापला देव घेऊन तिच्या दारात उभे राहायचे.

मलाही पडदेवाल्याच्या घरी चहाला बोलावणं आलं. आत्याला देव मानणारी एक मैत्रीण आहे हे दिसावं, म्हणून. आयुष्यात माझ्या भक्तीचा कुणाला उपयोग झाला तो तेवढाच.

विहीणबाई आल्या. मी त्यांच्यावर दात धरूनच बसले होते, पण बाई निघाल्या मऊ. बसायच्या आधी त्यांनी कवळीवालीकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, चौकशी नव्हती, नुसती कणव होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, बिस्किटं झाली. पडदेवाला इतका गोड बोलत होता की चहात साखर घालायची गरज नव्हती. कवळीवाली कप विसळायला आत गेली, मी पुसायला गेले. पाठोपाठ विहीणबाई आल्या.

त्यांनी तिचा ओला हात हातात घेतला. "ताई, मला सगळं कळलंय. तुमच्या भावाने सांगितलं. मी उगाच मनात किंतु आणला, माफ करा मला."

कवळीवालीने ठरल्याप्रमाणे मान हलवली.

"माझाही पहिला मुलगा असाच गेला. नुकता रांगायला लागला होता. मीही देवाचं तोंड बघत नव्हते. वर्षभर दिवा लावला नाही घरात. त्यामुळे मला कळतं. आईचं काळीज आहे, रागावणारच." त्यांचे डोळे भरले. "तुमच्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं?"

पडदेवाल्याने हे सांभाळलं होतं! बहिणीला देव नाही हे खपणार नव्हतं, म्हणून त्याने गल्लीतल्या अफवेतला तो टाकून गेलेला नवरा उचलला असणार, वर तिला एक मूल दिलं आणि मारून टाकलं. आणि हा माणूस न चुकता प्रार्थनेला जातो. वरच्याच्या भीतीने खोटं बोलायचा थांबतो म्हणे माणूस. मुख्याध्यापकांना बोलावून दाखवायला हवं होतं.

आता कवळीवालीने मान हलवली असती तर सगळं पार पडलं असतं. तिने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे भाची त्या मुलाशेजारी बसली होती. खूप वेळ पाहिलं तिने. मला वाटतं, ती हलवणार होती मान. पण विहीणबाई समोर खरंखुरं रडत होत्या.

"तुमचं बाळ गेलं त्याचं मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "खरंच वाईट वाटतं. पण माझं गेलेलं नाही. मला मूल झालंच नव्हतं. तुमच्या दुःखाशेजारी मी खोटं दुःख नाही मांडणार."

विहीणबाईंनी हात सोडला. पदराने डोळे पुसले आणि तशाच बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग. "ह्या म्हणतात, ह्यांना मूलच नव्हतं," त्या पडदेवाल्याला म्हणाल्या. "तुम्ही माझ्याशी असल्या गोष्टीत खोटं बोललात?"

पडदेवाला क्षणभर पांढरा पडला. मग त्याने एक सुस्कारा सोडला, आणि तो सुस्कारा मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ती असंच म्हणते," तो म्हणाला. "इतकी वर्षं असंच म्हणते. आम्ही आता वाद घालत नाही. सहन झालं नाही ना तिला."

बघा कसं असतं ते. हो म्हणाली तर मूल होतं. नाही म्हणाली तर दुःख इतकं मोठं, की बाई नाही म्हणते. सुटायला वाटच नाही. देवाबद्दलही लोक तिला हेच सांगत आले होते, तू मनातून मानतेस, फक्त कबूल करत नाहीस. पडदेवाल्याला नवं काही सुचलेलं नव्हतं. जुनाच पडदा, फक्त मापाला कापलेला.

मी तोंड उघडलं. "अहो, काहीतरीच काय, मी हिला इतकी वर्षं ओळखते..."

"तुम्ही शेजारी नंतर आलात," पडदेवाला म्हणाला. आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

विहीणबाई भाचीकडे वळल्या. "तू सांग बाळा. मोठ्या माणसांचं जाऊ दे. तू ह्यांच्याच मांडीवर वाढलीस. तू सांगशील ते मी खरं मानेन."

भाचीने त्या मुलाकडे बघितलं. मग आत्याकडे. कवळीवाली दारात उभी होती, हातात कप पुसायचं फडकं. तिने खुणावलं नाही, भुवईसुद्धा हलवली नाही. ती नुसती वाट बघत होती.

"होतं," भाची म्हणाली. "आत्या त्याच्याबद्दल बोलत नाही."

विहीणबाईंनी जाऊन कवळीवालीला मिठी मारली. ती फडक्यासकट ताठ उभी राहिली. लग्न ठरलं. पडदेवाल्याने पेढा नाही तर निदान बिस्किट तरी म्हणून पुडा पुन्हा फिरवला. मी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाची खोलीवर आली. भिंत पातळ आहे, आणि मी कान बंद केले नाहीत.

"आत्या, एक वाक्य होतं गं ते. कुणाचं काय बिघडलं? त्यांना बरं वाटलं, माझं लग्न ठरलं. आणि तूच तर सांगायचीस ना, वरून कुणी बघत नसतं."

घासायचं यंत्र चालू होतं ते बंद झालं.

"वरून नाही गं," कवळीवाली म्हणाली. "पण मी बघत होते ना. समोर उभी राहून."

यंत्र पुन्हा चालू झालं. थोड्या वेळाने पोरगी माझ्या दुकानासमोरून खाली मान घालून गेली. इतकी वर्षं त्या खोलीत वाढून ती शेवटी मुख्याध्यापकांचंच बोलली होती. कुणी बघत नसेल, तर मग चालतं. आत्याने तिला हे कधी शिकवलं नव्हतं. हे तिला गल्लीने शिकवलं.

लग्नाला कवळीवाली गेली. जाऊ नकोस असं मी म्हटलं, तर म्हणाली, "पोरगी माझी आहे." हॉलमध्ये तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाळाची बातमी तोवर गल्लीभर झाली होती. जी बेकरीवाली तिला सैतानाची म्हणायची तिने स्वतः पाणी आणून दिलं. "आम्हाला आधी का नाही सांगितलंस गं? आम्ही काय परके?" मुख्याध्यापकांनी पाठीवर हात ठेवला. देव नसलेली बाई कुणाला चालत नव्हती. मूल गेलेली सगळ्यांना चालली. तिच्या विचारांना जागा नव्हती, तिच्या जखमेला मात्र पहिल्या रांगेत खुर्ची होती, आणि जखम पण त्यांनीच घरून आणलेली. मला त्या सगळ्या गर्दीची इतकी किळस आली, की मी जेवणावरून उठले.

त्याआधी दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना झाली. नावं वाचली गेली. विहीणबाईंचं बाळ आलं, आणि त्याच्यामागून कवळीवालीचं. पडदेवाल्याने त्याला नावही देऊन टाकलं होतं. ते मी लिहिणार नाही, जे मूल झालंच नाही त्याला निदान माझ्याकडून तरी त्रास नको. तीनशे माणसांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले, बायकांनी नाकं पुसली. मी डोळे किलकिले ठेवले होते, भक्त असले तरी मला सवय आहे ती. कवळीवालीचे डोळे नेहमीसारखे उघडे. ती समोर, भाचीकडे बघत होती. लहानपणी असं कधी झालं की पोरगी हमखास डोळे उघडायची आणि दोघींची नजरानजर व्हायची. ती त्याचीच वाट बघत असावी.

भाचीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. प्रार्थना संपेपर्यंत उघडले नाहीत.

निघताना विहीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघा ना, बाळाचं नाव घेतलं आणि त्यांना मानसुद्धा खाली घालवेना. किती खोल असेल ते." बाई वाईट नव्हत्या, आणि वाईट नसलेल्या माणसाला कसं झोडपायचं हे मला अजून जमत नाही.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा चष्मा दुरुस्त करताना मला भिंतीपलीकडून आवाज आला. मी उठून गेले. कवळीवाली कामाला बसलेली होती. समोर चौकटीत कुणाचा तरी जबडा, हातात मेण कोरायची सुरी, आणि डोळ्यांतून धारा. फळीच्या कडेला मेणाचा एक जुना ससा होता, कान तुटका. तेवढ्यात मुख्याध्यापक दारातून डोकावले, तिला रडताना पाहिलं, ओठ मिटून समजूतदार मान हलवली आणि पाय न वाजवता निघून गेले.

तिने बाहीने नाक पुसलं आणि पुढचा दात उचलला.

"एक सोय झाली बघ," ती म्हणाली. "आता मी रडले तरी कुणी कारण विचारत नाही."